सहा पिवळी फडकी

जपानात उरायासुला आमच्या इमारतीमागे सहा बैठ्या खोल्यांची ओळ होती. सोया सॉसच्या एका धनाढ्य व्यापाऱ्याने फार पूर्वी ती एकट्या पडलेल्या म्हाताऱ्यांसाठी बांधली. आपल्याकडच्या शेठजींची धर्मशाळा चार दिवसांची, ही मरेपर्यंतची. अट एकच, अंगणातल्या दगडावर कोरलेली: स्वतःचं स्वतःला करता आलं पाहिजे.

तिकडच्या त्या मोठ्या भूकंपाच्या पुढच्या वर्षी यांची बँकेतून तिकडे बदली झाली. मी पन्नाशीची, आणि जगाला वळण लावायला निघालेली.

कोपऱ्यातल्या खोलीतल्या आजींशी माझी गट्टी कचऱ्यावरून जमली. मी बाटली झाकणासकट टाकली. त्यांनी झाकण काढून माझ्या हातात ठेवलं. मग रोज बाकावर चहा. त्या बोलायच्या, मी तीन महिन्यांच्या क्लासच्या जोरावर मान डोलवायची.

एका सकाळी पाऊस आला. बघते तर सहाही दारांवर पिवळी फडकी भिजताहेत. शेजारणीचं वाळत घातलेलं भिजू द्यायचं, ही आमची रीत नाही. सगळी काढली, घरी नेली आणि, माझा शहाणपणा बघा, इस्त्रीसुद्धा केली.

"लोकांच्या दारावरचे कपडे आणलेस?" हे म्हणाले. "पोलीस आले तर मी तुला ओळखत नाही हं."

परत गेले तर गल्लीत छत्र्यांची गर्दी. ते फडकं म्हणजे 'मी उठले, बरी आहे' असा निरोप! भूकंपानंतरचा नियम. सकाळी आठपर्यंत दिसलं नाही की खोल्यांचे कारभारी दार ठोठावणार.

पाच जण ठासून सांगत होते, आम्ही लावलं होतं. माझ्या आजींना मात्र आठवेचना. महिन्यात दोनदा त्या विसरल्या होत्या. तिसऱ्यांदा विसरल्या तर खोली सोडून दूरच्या मुलाकडे जायचं. कारभाऱ्यांनी वही उघडलीच होती. आजी दाराची चौकट धरून उभ्या.

मी इस्त्रीची चळत पुढे केली. "चोर मी," म्हटलं. त्याहून बरं जपानी सुचेना.

"यांचंही होतं?" कारभाऱ्यांनी आजींकडे बघत विचारलं.

"सहा होती. मोजा."

त्यांनी मोजली. कडक घड्यांवरून बोट फिरवलं, हसू दाबलं आणि वही मिटली. आजींनी आपलं फडकं घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि म्हणाल्या, "पुढच्या वेळी माझ्या सदऱ्याची कॉलरही कर."

तेव्हापासून आठाला दहा कमी असताना माझी सायकल त्या गल्लीतून जायची. टोपलीत एक जादा पिवळं फडकं. कोपऱ्यातलं दार फडक्याविना दिसलं तर आधी ठोठावायचं, आतून "हाय!", म्हणजे 'हो', आलं की मगच लावायचं.

आम्ही पुण्याला परतलो, तेव्हा आजी त्याच खोलीत होत्या. निघण्याआधी पलीकडच्या खोलीतल्या बाईंना ते जादा फडकं देऊन आले. त्यांनी आजींच्या दाराकडे पाहिलं आणि ते एप्रनच्या खिशात घातलं.

लबाडी म्हणाल तर म्हणा. पण तो दगड मी जपानी येणाऱ्या शेजारणीकडून नीट वाचून घेतला होता. स्वतःचं स्वतः करायचं, एवढंच लिहिलं होतं. आठवण कोणी करायची, याबद्दल शेठजींनी एक अक्षर कोरलेलं नव्हतं.