तीन महिन्यांमागं काय झालतं?

केसांचा पुंजका हातावर आला की ती आधी डोळे मिटायची. तळहात दोनदा हलकेच वर उडवून वजन घ्यायची आणि डोळे न उघडताच विचारायची, "तीन महिन्यांमागं काय झालतं?"

नवीन बाई गोंधळून जायची. ही आली केसांवर भांडी द्यायला आणि चौकशी करते तीन महिन्यांपूर्वीची! पण जुन्या बाया सरावलेल्या होत्या. त्या तिला केसवाली मावशी म्हणायच्या. तिचं खरं नाव मी कधी विचारलं नाही, आणि आता विचारायला ती नाही.

अशी बाई तुमच्याही गल्लीत येत असेल. डोक्यावर टोपली, टोपलीत स्टीलच्या वाट्या, चिमटे, पिना, पोरांसाठी फुगे. विंचरताना निघालेले केस बाया गुंडाळून भिंतीच्या फटीत खुपसून ठेवतात, ते देऊन वाटी घेतात. मी तेव्हा आष्टी तालुक्यात, कडा या बाजारगावाजवळच्या एका खेड्यात उपकेंद्राची नर्स होते. मावशी दीड-दोन महिन्यांनी यायची, गावात फेरी मारायची आणि शेवटी चहाला माझ्याकडे टेकायची.

तिच्या धंद्याचे तिचेच नियम होते. "गळालं तर मला द्या, चट्टा पडला तर शिस्टरला दावा," हा त्यातला पहिला. पुंजका बोराएवढा असला तर ती नाक मुरडायची, पण बाईला म्हणायची, "झ्याक तब्येत हाय तुजी, माजं मातर नुकसान." लिंबाएवढा असला तर चालेल. नारळाएवढा निघाला की मात्र तो ठरलेला प्रश्न. उत्तर बहुतेक वेळा "बाळंतीण झालते" असं यायचं. मग ती निवांत व्हायची. "मंग भिऊ नगं. पोटुशी असताना केस गळायचं इसरत्यात, बाळंतपणानंतर समदे मिळून गळत्यात. वरीसभरात येत्यात माघारी." हेच मी ट्रेनिंगला पुस्तकात वाचलं होतं. ती ते वेगवेगळ्या घरांचे पुंजके हातावर घेऊन शिकली होती, आणि खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा पक्कं शिकली होती.

मी सांगते ते वर्ष दुष्काळाचं. दिवाळीच्या आसपास गाव जुन्या विहिरीचा तळ खरवडून पाणी प्यायलं आणि घरोघर मुदतीचा ताप, म्हणजे टायफॉईड, आला. महिनाभर मला पाठ टेकायला सवड नव्हती. मग टँकर सुरू झाला, ताप ओसरला. पुढे दूध संस्थेनं गावाबाहेर जनावरांसाठी चारा छावणी उघडली. ऊसतोडीला गेलेल्या टोळ्याही त्या वर्षी ऊस नसल्यानं लवकर परतल्या. निम्मं गाव जनावरांबरोबर छावणीत राहायला गेलं.

टँकरच्या पाण्यात जंतू मारायची टीसीएल पावडर टाकायचं काम माझं. पाण्याला तिचा वास यायचा. संक्रांत झाली, रथसप्तमी झाली, आणि गावातल्या बायांचे केस गळायला लागले. फणी फिरवली की मूठभर केस हातात. बायांनी सरळ हिशोब लावला: टँकर आला आणि केस गेले. म्हणजे टँकर वाईट, त्याहून पावडर वाईट, आणि पावडर टाकणारी शिस्टर सगळ्यात वाईट.

मी समजावून पाहिलं. रक्त वाढायच्या गोळ्या दिल्या, तर म्हणाल्या, "आदी पाण्यात औषध घाला, मंग वरून गोळ्या द्या, लई भारी!" शेवटी छावणीत ठरलं की टँकर परत पाठवायचा आणि पुन्हा विहिरीचं पाणी प्यायचं. हे माझ्या कानावर आलं. विहिरीत आता पाण्यापेक्षा गाळच जास्त होता. तो पोटात गेला असता तर ताप परत आला असता, आणि दिवाळीत वाचलेली म्हातारी माणसं या खेपेला वाचली नसती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घालून झाल्यावर पंधरा-वीस बाया संस्थेच्या ऑफिसात घुसल्या. पुढे द्वारकाबाई. टँकरचा ठराव संस्थेचा, म्हणून तक्रारही संस्थेकडेच. प्रत्येकीनं आपापला पुंजका चेअरमनसाहेबांच्या टेबलावर ठेवला. फॅट मोजायच्या मशीनशेजारी केसांचा हा ढीग! साहेब चांगले माणूस, पण डोक्यावर एकही केस नाही. ते त्या ढिगाकडे जरा आशेनंच बघत होते, असं मला वाटलं.

"शिस्टर, पावडर थोडी कमी केली तर?" ते हळूच म्हणाले.

"कमी न्हाई, बंद!" द्वारकाबाई कडाडली. "न्हाईतर टँकर गावात शिरू देनार न्हाई."

मी घसा कोरडा होईपर्यंत बोलले. ऐकतंय कोण? तेवढ्यात दारात टोपली दिसली. मावशी नेमकी त्याच दिवशी आली होती. तिनं टेबलाकडे पाहिलं आणि कमरेवर हात ठेवले.

"आगं बायांनो, माजं दुकान तुमी सायबाच्या टेबलावर कावून मांडलंय?"

कुणीतरी फिसकन हसलं. द्वारकाबाई मात्र पेटलेलीच होती. तिनं टँकरची सगळी कैफियत ऐकवली. मावशीनं टोपली खाली ठेवली, द्वारकाबाईचा पुंजका उचलला, डोळे मिटले.

"तीन महिन्यांमागं काय झालतं?"

"काय न्हाई झालतं."

"आटव."

द्वारकाबाईनं बोटांवर महिने मोजले. मग म्हणाली, "ताप आलता. दिवाळीला."

"तुला गं?" मावशीनं दुसरा पुंजका उचलला. ताप. तिसरा. तापच. चौथी बाळंतीण होती. पाचवीचे केस फक्त कपाळावरून मागे सरकले होते. तिला विचारलं तर ती ऊसतोडीच्या टोळीवरून आलेली. मावशी म्हणाली, "आंबाडा आवळून बांदती आन वरून मोळ्या वाहती. ढिला बांद जरा." मग मावशीची नजर दाराशी उभ्या असलेल्या द्वारकाबाईच्या जावेवर गेली. ती नुसती गंमत बघायला आली होती. मावशीनं तिच्या केसांतून बोटं फिरवली; बोराएवढाही पुंजका निघाला नाही.

"ही टँकरचं पानी पेत न्हाई का?"

"पेती की. एकाच रांजणातलं पेतो आमी," द्वारकाबाई म्हणाली.

"आन हिला ताप आलता?"

"न्हाई. ही तवा म्हायेरी गेलती."

बाया एकमेकींकडे बघत राहिल्या आणि ज्यांना समजलं त्यांनी ज्यांना समजलं नव्हतं त्यांना कोपरानं ढोसलं.

मग तिनं द्वारकाबाईचा एक केस खिडकीच्या उजेडात धरला. "ह्ये टोकाला पांढरं दिसतंय ना? तुमाला वाटतं मुळासकट गेला. न्हाई गं. मूळ डोस्क्यातच हाय. तापानं केसाला झोप लागती, आन तीन महिन्यांनी त्यो गळतो. खालून दुसरा येतोय. बगायचं?" तिनं द्वारकाबाईचा पदर मागे सारला आणि कपाळावर बोट ठेवलं. "ह्ये बगा, कोंब!"

खरंच, कपाळाच्या कडेला बोटभरही नाहीत असे बारीक केस उभे होते. मग जे झालं ते मी कधी विसरणार नाही. सगळ्या बाया एकमेकींचे पदर मागे सारून कपाळं बघायला लागल्या. "तुला हायेत गं!" "मला बग की!" "आगं लई हायेत!" त्या वर्षी शिवारात एक हिरवी काडी नव्हती, आणि इथे बाया एकमेकींच्या कपाळावर कोंब मोजत होत्या. मला हसूही येत होतं आणि डोळेही भरून येत होते.

"पर सा म्हैने झाले तरी गळायचं थांबलं न्हाई तर शिस्टरकडं जायचं," मावशीनं बजावलं. "आन नुसती चटनी-भाकर नगं. मूठभर शेंगदानं, डाळ, काय गावंल ते खावा."

चेअरमनसाहेबांना आता राहवेना. "मावशी, आमचं काय?"

मावशीनं भिंतीकडे बोट केलं. तिथे संस्थेच्या संस्थापकांचा, म्हणजे साहेबांच्या वडिलांचा, हार घातलेला फोटो होता. डोकं लखलखीत. "तुमचं वरूनच आलंय, सायेब. विलाज पायजे तर डाक्टरला इचारा. तेलवाल्याला पैशे घालू नका." हसता हसता द्वारकाबाई मशीनवरच पडायची बाकी होती. साहेबही हसले, आणि मी पाहिलं, त्यांनी टेबलाच्या खणात एक बाटली आत सरकवली.

टँकर चालू राहिला. मावशीनं टेबलावरचे पुंजके उचलले आणि टोपलीतल्या वाट्या वाटल्या. तेवढ्यात एका बाईनं आपली आठ वर्षांची पोर पुढे केली. डोक्यावर रुपयाएवढी जागा मोकळी, तिथं खपल्या आणि खाज. मावशीनं हातही लावला नाही. "ह्यो चट्टा मी घेत न्हाई. आत्ताच्या आत्ता शिस्टर." मी त्या पोरीला त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवलं. गोळ्या लागल्या, पण पावसाळ्यापर्यंत केस आले.

त्या दुपारी मावशी माझ्याकडे चहाला आली. मी भलतीच खुशीत होते. माझी वेणी तेव्हा कमरेपर्यंत होती आणि मला तिचा गर्व होता, तो कबूल करायला आता लाज नाही. मीही माझा पुंजका तिच्या हातावर ठेवला.

तिनं डोळे मिटले. हात उडवलाच नाही.

"तीन महिन्यांमागं काय झालतं?"

"मला ताप नव्हता, मावशी. कामाची दगदग, दुसरं काय?"

"मंग ह्यो नारळाएवढा कावून? आन भर उन्हात शाल पांघरून बसलाय ते?"

खरंच मी शाल घेतली होती. हिवाळा संपला तरी मला थंडी वाजत होती. अंग जड झालं होतं, चार पावलं चालले की बसावंसं वाटायचं. हे सगळं मी दुष्काळाच्या माथी मारलं होतं. रात्री गुपचूप डोक्याला कांद्याचा रस चोळायचे, आणि सकाळी तेच हात साबणानं धुऊन बायांना सांगायचे, घरचे उपाय करत बसू नका.

मावशीनं पुंजका परत माझ्या हातात दिला. "ह्ये केस मी घेत न्हाई. चपला घाला."

"उद्या जाईन दवाखान्यात."

तेव्हा तिनं स्वतःचा पदर डोक्यावरून काढला. तो तिनं कधीच काढला नव्हता. टाळूवर तळहाताएवढी जागा गुळगुळीत, चकचकीत. लहानपणी तिथं पू झालेले फोड आले होते. आई त्यावर राख लावायची आणि वरून फडकं बांधायची. पोरीच्या जातीचं डोकं कुणाला दाखवायचं, म्हणून दवाखान्यात नेलंच नाही. फोड बरे झाले, पण मुळं जळून गेली.

"तवा कुनी म्हनलं असतं ना, चप्पल घाल, चल..." ती थांबली. तिला थांबलेलं मी त्या एकदाच पाहिलं. मग पदर पुन्हा डोक्यावर घेत हसली. "जाऊ द्या. टोपली ठिवायला देवानं जागा सारवून दिलीया." चहाला तिनं हात लावला नाही. मी चपला घालून एसटीत बसेपर्यंत ती फाट्यावर उभी होती.

रक्त तपासलं तर थायरॉईड निघालं. डॉक्टर म्हणाले, बरं झालं आलात. सकाळी उठल्याबरोबर एक गोळी. थंडी गेली, जडपणा गेला. केसांनी वेळ घेतला. पोळ्याच्या आधी मावशी आली, तिनं माझं कपाळ उजेडाकडे वळवलं आणि अंगठा फिरवला. "कोंब!" अशी ओरडली की शेजारची माणसं बाहेर आली. मग टोपलीतून एक छोटी स्टीलची डबी काढून माझ्या हातात दिली. त्या बदल्यात केस घेतले नाहीत. "पुंजका हिच्यात ठिवा. झाकन लागलं तर बरं. न्हाई लागलं तर..."

"चपला," मी म्हणाले.

पुढे माझी बदली बीडला झाली. मावशी एकदा विचारत विचारत तिथेही आली होती, मग आली नाही. द्वारकाबाई भेटली तेव्हा कळलं, मावशी गेली. शेवटच्या आजारात तपासायला आलेल्या डॉक्टरच्या टकलाची चेष्टा केली म्हणे. ऐकून मी हसले आणि मग बराच वेळ रडले.

आता केसवाले मोटरसायकलवर भोंगा लावून येतात. वजनकाटा चांगला असतो त्यांच्याकडे, पण विचारत काहीच नाहीत. मी त्यांना केस देत नाही. डबी कपाटात असते. माझे पांढरे केस तिच्यात सहज मावतात.

सून घरात आल्यावर मी तिलाही डबीची सवय लावली. परवा तिनं केस भरले आणि झाकण दाबलं. लागेना. पुन्हा दाबलं. लागेना.

"असू दे आई, ऋतू बदललाय," ती म्हणाली.

मी डबी हातात घेतली. डोळे कधी मिटले, मला कळलं नाही.

"तीन महिन्यांमागं काय झालतं?" मी विचारलं.

"काहीच तर नाही." ती हसायला लागली. "आणि तुम्ही असं काय बोलताय?"

"काहीच नाही ना?" मी म्हणाले. "मग चपला घाल."