मोजणीत न धरलेलं लेकरू

सोलापुरातल्या आमच्या चर्चचा दर गुरुवारी कुणाच्या तरी घरी शास्त्र-अभ्यास असतो. दहा-बारा माणसं, आणि प्रत्येकाला दुसऱ्याचा संशय! किस्से साठायला आणखी काय लागतं? मी तर प्रार्थनेतही एक डोळा किलकिला ठेवते.

यंदा विषय निघाला पोटातल्या बाळाचा. आमच्यातल्या रूथचं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं. दफनभूमीत त्याच्या नावाचा छोटासा दगड बसवू द्या, एवढंच तिचं मागणं. कमिटीचे चेअरमन शमुवेलकाका म्हणाले, "जन्मलंच नाही, त्याला नाव कसलं? शास्त्र काय म्हणतं ते बघू की आधी." मला तेव्हाच वाटलं, नकार ठरलेला आहे, शास्त्र नुसतं सहीपुरतं.

*

पहिल्या गुरुवारी बायबलातल्या निर्गम या पुस्तकाचा एकविसावा अध्याय. दोन पुरुष मारामारी करतात, धक्का गरोदर बाईला लागतो, बाळ बाहेर पडतं. दंड नवरा मागेल तो.

करमाळ्याच्या कमलमावशींनी विचारलं, "आन् बाईला कुणी इचारलं का न्हाय?"

आमच्या चर्चचे पाळकसाहेब चष्मा पुसत बसले. बराच वेळ!

*

पुढे लिहिलंय, इजा झाली तर जिवाबद्दल जीव. पण इजा कुणाला? काका म्हणाले, आईला. रूथचा नवरा म्हणाला, बाळालाही. पाळकसाहेब म्हणाले, विद्वानांचंही यावर एकमत नाही. तरी हे दोघे असे काही तावातावाने उठले, की आमची गरोदर ग्रेस खुर्ची उचलून थेट दारापाशी जाऊन बसली.

"धक्का लागायला नको बाई!"

*

काकांनी मग गणना हे पुस्तक उघडलं. लेव्यांची, म्हणजे देवाच्या सेवेतल्या वंशाची, मोजणी एक महिन्याच्या बाळापासून पुढे. "त्याच्या आधीचं मोजतच नाहीत. विषय संपला!"

"रेशन कार्डावर बी न्हाय मोजत," मावशी म्हणाल्या. "म्हनून पोटात उपाशी ऱ्हातं व्हय?"

*

त्याच पुस्तकात संशयी नवऱ्याचा कायदा आहे. बायकोवर संशय आला, की याजक तिला कडू पाणी पाजणार.

"आणि नवरा काय पितो?" ग्रेसने विचारलं.

तेवढ्यात पाळकीणबाई सरबताचा ट्रे घेऊन आल्या. एकाही बाईने ग्लास उचलला नाही!

*

निकालाच्या गुरुवारी आम्ही काकांच्या घरी जमलो. आमच्यात ज्याचं घर त्याने शेवटची प्रार्थना करायची, आपल्या लेकरांसाठी मागायचं. काकांना मुलं तीन, पुण्याचा थोरला आणि दोन मुली. तिघांनाही ते रांगत होते तेव्हापासून आम्ही ओळखतो.

काकांनी निकाल सांगून टाकला. "दगड बसणार नाही. शास्त्रात आधार नाही."

रूथने बायबल मिटून पिशवीत ठेवलं. मला मात्र काकांचा असा राग आला, की उठून जावंसं वाटलं.

मग सगळ्यांनी डोळे मिटले. काका रोजच्या सवयीने भरभर म्हणत गेले, "...आणि प्रभू, माझ्या चारी लेकरांना सांभाळ."

सगळ्यांचे डोळे उघडले. काकांचेसुद्धा!

काकू तेवढ्या डोळे मिटून होत्या. त्या म्हणाल्या, "आमेन."