उताराच्या अलीकडे थांबलेली गाडी

त्या वर्षी माझा देवावरचा विश्वास उडाला होता असं नाही, पण त्याच्याशी बोलणं मी जवळजवळ सोडलं होतं. रोज दिवा लावायची, हात जोडायची आणि कामाला लागायची. मागण्यासारखं एकच होतं आणि ते मागून मागून मला माझीच लाज वाटू लागली होती. आमची व्हॅन एक महिना तरी नीट चालू दे, एवढंच. इतकी साधी गोष्ट ज्याला ऐकू येत नाही, त्याला आणखी काय सांगायचं, असं मनात येई.

माझे यजमान लढाईच्या काळात लष्करात गाड्या चालवत. सुटून आल्यावर त्यांनी नागपुरातून लिलावातली एक जुनी व्हॅन घेतली, माझ्या पाटल्या मोडून. आम्ही तेव्हा सिंदी मेघेत राहत होतो. व्यापाऱ्यांचे कापडाचे गठ्ठे आणि तेलाचे डबे आर्वी, रोहणा, हिंगणघाटच्या बाजारांना पोचवायचे, असा धंदा. गाडी दारात आली त्या दिवशी मी तिला हळदकुंकू वाहिलं. मग एकेक सुरू झालं. पाणी उकळायचं, क्लचची प्लेट जळाली, मागच्या स्प्रिंगचा पाटा तुटला, ब्रेक तर सारखेच जात. मिस्त्री पार्ट नागपूरहून मागवी आणि तो येईपर्यंत गाडी त्याच्या लिंबाखाली उभी. गाडी जे कमवी ते गाडीच खाई. मी कधी बोनेटमध्ये डोकावले नव्हते, पण सुट्या भागांची नावं मला तोंडपाठ झाली होती.

आमची धाकटी मुदतीच्या तापातून उठावी म्हणून सासूबाईंनी गिरडच्या टेकडीवरच्या बाबांना नवस बोलला होता. आमच्याकडे हिंदू-मुसलमान सगळेच त्या दर्ग्याला जातात. पोरगी बरी झाली, पण नवस फेडणं गाडीपायी लांबत गेलं. शेवटी ब्रेक नवे झाले, क्लच नवा झाला, टाकी डागून झाली. फक्त सेल्फ तेवढा राहिला, म्हणजे गाडी हँडल मारूनच सुरू करावी लागे. हे म्हणाले, "आता खोट काढाले जागाच नाई. चाला गिरडले."

सकाळी निघालो. हे गाडी चालवत होते, शेजारी मी, माझ्या मांडीवर पोरगी, मागे पोत्यावर सासूबाई. वाटेत जाम गावाला चहा घेतला. पुढे समुद्रपूर मागे पडलं. गाडीचा कसलाच आवाज नव्हता. किती दिवसांनी हे गुणगुणत होते! एके ठिकाणी रस्ता चढून वर आला आणि समोर लांब उतार दिसू लागला. खाली नाल्यावर अरुंद पूल होता, त्याला कठडे नव्हते. उताराच्या जरा अलीकडे, बाभळीच्या सावलीत, एक म्हातारी डोक्यावरचं गाठोडं सावरत उभी होती. तिनं हात केला.

"अवो, थांबा ना," मी म्हटलं.

"काऊन थांबू? बंद पडली त हँडल कोण मारन? उतार आला, आता सुसाट जाऊ."

"बाबाच्या दारी चाललो आपण. एका बाईले घ्याले होत नाई का?"

त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण ब्रेक दाबला. गाडी कडेला थांबली आणि बंद पडली. म्हातारी मागे सासूबाईंजवळ जाऊन बसली. हे खाली उतरले, पाचसहा वेळा हँडल मारलं, घाम पुसत परत आले. गाडी सुरू झाली. कडेवरून पुन्हा रस्त्यावर घ्यायला त्यांनी स्टिअरिंग फिरवलं.

गाडी वळलीच नाही. ती सरळ कडेच्या खडीच्या ढिगाकडे निघाली. यांनी आणखी फिरवलं, तरी नाही. पुढचं चाक खडीत घुसलं आणि ब्रेक लागला. माणूस चालतो त्याहून जास्त वेग नव्हता. कोणाला खरचटलंसुद्धा नाही.

यांनी स्टिअरिंगला नुसतं एक बोट लावलं आणि ते आपलं फिरत राहिलं, सुताच्या चरख्यासारखं. मग ते उतरून गाडीखाली वाकले. स्टिअरिंगचा जोर चाकांपर्यंत नेणारा दांडा सांध्यातून सुटून जमिनीला टेकला होता. सांधा झिजून झिजून गुळगुळीत झाला होता. ते उठले, त्या उताराकडे आणि पुलाकडे पाहिलं आणि रस्त्यातच मटकन खाली बसले. लढाईतून आलेला माणूस, पण त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

पोरीला धरलेले माझे हात सुटेनात. ती रडायला लागली, "आई, दुखते," म्हणाली, तरी माझी बोटं ढिली होईनात. सासूबाईंनी येऊन एकेक बोट सोडवलं.

एवढ्यात म्हातारी गाठोडं घेऊन उतरली. "चालत गेली असती त अर्ध्या वाटेत असती मी," ती पुटपुटली. "बेकार गाडी हाये तुमची." आणि निघालीच. मी धावत जाऊन तिचे पाय धरले. ती दचकून मागे सरली. "अवो बाई, पाया काऊन पडता? माह्यानं थोडीच मोडली गाडी? मी त नुसती बसली होती!" ती मला चुकवून, झपाझप पावलं टाकत उतार उतरून गेली.

मिस्त्रीला नंतर यांनी विचारलं, की इतक्या वेळा गाडी उघडली, हे कसं दिसलं नाही? तो बिचारा घाबरलाच. म्हणाला, "भाऊ, तुम्ही जे वाजते म्हणून सांगितलं ते मी केलं. हे त वाजतच नव्हतं." मला त्याचा राग आला नाही. मीसुद्धा देवाकडे जे वाजत होतं तेच रडत होते. जे मुकाट्यानं झिजत होतं, त्याची ना मला खबर होती ना मी त्यासाठी कधी हात जोडले होते. तरी कोणीतरी तिकडे लक्ष ठेवून होतं. तो चमत्कार होता का, हे मी सांगत नाही. एका म्हातारीनं उताराच्या अलीकडे हात केला, एवढंच मला माहीत आहे.

त्या दिवशी एका बैलगाडीवाल्यानं आम्हाला गिरडला सोडलं. टेकडी चढलो, पोरीला दर्ग्यासमोर ठेवलं, नवस फेडला. घरून निघताना गाडीसाठी, धंद्यासाठी काय काय मागायचं ते मी मनात जुळवून आणलं होतं. तिथल्या वृद्ध मुजावरांनी माझ्या डोक्यावर मोरपिसं फिरवली आणि विचारलं, "क्या माँगना है, बेटी?"

मी तोंड उघडलं. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा मला रडू आलं.

"काही नाही, बाबा," मी म्हटलं. "तुम्हालाच ठाऊक."