मीनाबाई नेवाला आणायला गेल्या

बुधवार पेठेतल्या निम्म्या पोरांना पहिली आंघोळ मीनाबाईंनी घातलेली आहे. बाळंतपणाच्या एका दवाखान्यात त्या आया होत्या, केस काळे होते तेव्हापासून ते पार पांढरे होईपर्यंत. मागच्या वर्षी काम सुटलं. मुलगा यशपाल आणि सून प्रतिक्षा सकाळी डबे घेऊन बाहेर पडायची, तो मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात, ती लॅबमध्ये. मग मीनाबाई पुसलेला ओटा पुन्हा पुसायच्या.

यशपालला नाद एकच, व्हिडिओ गेम. टीव्हीला जोडलेला काळा डबा आणि दोन्ही हातांत धरायचं बटणांचं यंत्र. मीनाबाई त्याला रिमोट म्हणायच्या. ‘चौकी नऊ’ नावाचा गेम यशपालचा सगळ्यात लाडका. त्याच गेमवरून मालिका निघाली आणि ती हिंदीत आली, तेव्हा पहिल्याच रविवारी दुपारी त्याचा मित्र अजिंक्य दोघा-तिघांना घेऊन घरी हजर झाला.

गोष्ट अशी होती. लांबच्या एका ग्रहावर जमिनीखाली माणसांची वस्ती. बाहेर हवा नाही. वस्तीला हवा पुरवणारं एक जुनं यंत्र आणि ते सांभाळणारी म्हातारी, नेवा. पोरांचं मात्र गोष्टीत लक्षच नव्हतं.

“गेममधी हेल्मेट निळं हाय.”

“हा दरवाजा हितं नसतोच.”

“पार वाट लावली राव.”

मीनाबाई चटणीसाठी शेंगा फोडत बसल्या होत्या. पडद्यावर नेवानं यंत्राला कान लावला आणि डोळे मिटले. मीनाबाईंचा हात थांबला.

“बघ कशी ऐकाय लागली. पोटातल्या बाळाचं ठोकं ऐकत्यात तसं,” त्या म्हणाल्या. मग अजिंक्यकडे वळल्या. “तुजं हेल्मेट ऱ्हाऊ दे बाबा बाजूला. ती बाई काय म्हणती ते ऐकू दे.”

पुढच्या रविवारी त्या पोरांच्याही आधी टीव्हीसमोर बसल्या. दाराला दार लागून राहणाऱ्या हेमावतीलाही त्यांनी बोलावलं. हेमावतीच्या घरी तेलुगू, बाहेर मराठी, आणि हसायला तिला भाषा लागतच नाही. मीनाबाई थेट पडद्याशी बोलायच्या. “अगं तिकडं नको जाऊ, त्यो माणूस बरा न्हाय.” “जेवलीस का गं सकाळपासनं? यंत्र कुटं पळून चाललंय?” प्रतिक्षानं हे मोबाइलवर टिपलं.

“आत्या, हे टाकू का सगळ्यांना बघायला?” सासूला ती आत्या म्हणते.

“टाक की. मी काय चोरून बघतीय व्हय?”

चार-दोन नातेवाईक बघतील असं वाटलं होतं. पण माढ्यातून, करकंबातून, तिकडं पुण्यात शिकणाऱ्या पोरापोरींकडून विचारणा व्हायला लागली, मावशी पुढच्या भागाला काय म्हणाल्या? हेल्मेटच्या रंगावरून भांडणारेही तिथं आलेच. त्यांना प्रतिक्षानं मीनाबाईंचंच पहिल्या रविवारचं वाक्य ऐकवलं, तुझं हेल्मेट राहू दे बाबा बाजूला. ते इतकं पसरलं की दुकानातलं गिऱ्हाईक यशपालला तेच म्हणायला लागलं.

आणि मग नेवा मेली. धुळीचं वादळ आलं, वस्तीची हवा पुरेना, तेव्हा यंत्राच्या खोलीचं दार तिनं आतून लावून घेतलं आणि आपल्या वाटची हवा बाकीच्यांकडे सोडली. हेमावतीनं पदर डोळ्यांना लावला. मीनाबाई उठल्या, हात धुतले, म्हणाल्या, “बंद कर ते.” पुढच्या रविवारी त्या बसल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही.

लोक विचारत राहिले तेव्हा प्रतिक्षानं लिहून टाकलं, आत्या रुसल्या आहेत. त्याखाली केम गावच्या उत्कर्षा नावाच्या मुलीनं लिहिलं, ‘गेममध्ये नेवाला वाचवता येतं. मावशींना सांगा.’

मीनाबाईंनी यशपालला समोर बसवलं. “खरं व्हय रं?”

“व्हय. पर लई अवघड हाय. वादळातनं माघारी जायला लागतं, तिच्यासाठी हवेची टाकी घिऊन. कोण जात न्हाय. यानात बसायचं आन् फुडं जायचं.”

“तू काय केलंस?”

यशपाल डोकं खाजवायला लागला. “मी… फुडं गेलो.”

“तिला टाकून?”

“आई, गेम हाय गं त्यो.”

“दे त्यो रिमोट हिकडं.”

पहिले काही दिवस बघण्यासारखे होते. गेममधला मीनाबाईंचा माणूस भिंतीला नाक लावून जागच्या जागी चालायचा. पुढं जायचं म्हटलं की आभाळाकडे बघायचा. एका अंगठ्यानं चालायचं आणि दुसऱ्यानं मान फिरवायची, हे काही केल्या जमेना. हेमावती शेजारी बसून पोट धरून हसायची. “मीनाक्का, हा प्यालेला दिसतोय.” नळाला पाणी आलं की दोघी हंडे घेऊन पळायच्या आणि परत येईपर्यंत माणूस गुदमरून मेलेला असायचा. म्हणून यशपालनं पहिल्यांदा त्यांना गेम थांबवायचं बटण शिकवलं.

पण त्या सोडेनात. संध्याकाळी यशपाल शेजारी बसून वाट दाखवायचा, आणि आईशी एवढं बोलणं शाळा सुटल्यापासून झालं नव्हतं, हे त्याचं त्यालाच नवल वाटायचं. ती दवाखान्यातल्या गोष्टी सांगायची, तो बोगद्यांच्या. अजिंक्यही येऊन बसायला लागला. “मावशी, डावीकडं. डावीकडं म्हंजे ह्या हाताला.”

“ठावं हाय मला डावं.” आणि माणूस उजवीकडे जायचा.

कितीदा तरी त्या बोगद्यातच मेल्या. एकदा नेवाच्या दारापर्यंत पोचल्या, तर टाकी मागेच राहिलेली. त्या दिवशी जेवताना प्रतिक्षा म्हणाली, “आत्या, ऱ्हाऊ दे आता. डोळे दुखत्याल.” त्या म्हणाल्या, “दार तर दिसलं की आज.”

एका रविवारी दुपारी सगळे जमले. अजिंक्य, त्याचे मित्र, हेमावती, दारात गल्लीतल्या दोघी-तिघी. प्रतिक्षा मोबाइल धरून उभी होती. मीनाबाईंनी टाकी उचलली आणि यानाकडे पाठ फिरवून बोगद्यात शिरल्या. धुळीनं पडदा लाल झाला. कुणी वाट सांगेना, कारण बोललं तर त्यांचा हात हलेल अशी सगळ्यांना भीती. त्या स्वतःशीच पुटपुटत होत्या, “हिकडं वळण… आता खाली… आले गं, आले.” दार आलं. बटण दाबून धरायचं होतं, त्यांनी अंगठा पांढरा पडेस्तोवर दाबलं.

दार सरकलं. नेवा यंत्राला टेकून बसली होती. टाकीची नळी लागली, तिनं श्वास घेतला, डोळे उघडले आणि इंग्रजीत काहीतरी बोलली.

“काय म्हणती?” मीनाबाईंनी विचारलं.

प्रतिक्षानं मराठीत सांगितलं. “म्हणतीय, तू माघारी आलास?”

“आले की,” मीनाबाई म्हणाल्या. “न येऊन कशी ऱ्हाईन?”

मग घरात जो गलका झाला, तो ऐकून खालचे लोक काय झालं म्हणून वर आले. अजिंक्यनं वाकून मीनाबाईंना नमस्कार केला. त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि सगळ्यांसाठी चहा टाकायला सांगितला. उत्कर्षानं तो व्हिडिओ बघून लिहिलं, ‘मावशी, मीसुद्धा तिला टाकून गेले होते. आज परत जाते.’ तिच्याखाली बऱ्याच जणांनी तेच लिहिलं. यशपालही त्या आठवड्यात मुकाट्यानं पहिल्यापासून गेम खेळला.

मीनाबाईंना पुढच्या लढायांत काही रस नाही. यानात बसून कुणाशी तरी युद्ध करायचं असतं, ते त्यांनी यशपालवर सोडलंय. मालिकेचा नवा भाग आला की त्या पुन्हा बघतात आणि बिनदिक्कत सांगतात, टीव्हीवाल्यांनी मारली तर मारली, आमच्याकडं नेवा हाय.

दुपारी आता रिमोट हेमावतीच्या हातात असतो. तिचा माणूस सध्या भिंतीला नाक लावून चालतो. मीनाबाई शेजारी मांडी घालून बसतात.

“घाई करू नको,” त्या म्हणतात. “आदी त्याची मान फिरव. आपण कुटं हाय ते तर बघू दे त्याला.”