पाट्यावरचं कुंकू

गेल्या मार्चमधल्या एका शनिवारी, दुपारी दोन वाजून अठरा मिनिटांनी, नेदरलँड्समधल्या टिलबर्गजवळच्या एका गावातल्या छोट्या संग्रहालयात अश्मयुगातल्या दगडावर कुंकवाचं बोट उमटलं. ते कोणी लावलं, हे अजून ठरलेलं नाही. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. पुण्यात वर्तमानपत्रात होते तेव्हा वाचकांचे असे अनुभव मी हसून बाजूला ठेवत असे. म्हणून घडलं तेवढंच लिहिते.

आई माझ्या बाळंतपणासाठी आली होती. पाचव्या दिवशी सटवाईच्या पूजेला तिला पाटा-वरवंटा हवा होता.

"मिक्सर आहे, त्याची कर," मी म्हणाले.

"सटवाई मिक्सरवर येते होय गं?" एवढं बोलून तिने विषय सोडला. पूजा राहिली.

मुलगी सहा आठवड्यांची झाल्यावर आम्ही तिघी त्या संग्रहालयात गेलो. दोरीपलीकडे, हात पोहोचणार नाही इतक्या अंतरावर, धान्य भरडायचा खोलगट दगड आणि त्यावरचा गोटा उघड्यावरच मांडला होता.

"अगं, हा तर पाटा... वरवंट्यासकट," आई म्हणाली आणि पर्समधून कुंकवाची डबी काढली.

मी तिचं मनगट धरलं. "आई, लोक बघतायत. ठेव ती."

डबीचं झाकण उघडलेलं नव्हतं. हे मी पाहिलं होतं.

तेवढ्यात तिथल्या स्वयंसेवक बाई आल्या. खोलगट दगडावर लाल ठिपका होता — बोटाएवढा, कोरडा. आईच्या हातातल्या डबीकडे बघत त्यांनी इंग्रजीत विचारलं, "या तुमच्यासोबत आहेत का?"

"हो. त्यांना इथले नियम कळत नाहीत," मी म्हणाले. मग आईला म्हटलं, "सॉरी म्हण."

आई सॉरी म्हणाली. दोनदा.

बसमध्ये तिने विचारलं, "हात तर तूच धरला होतास ना?"

"हो."

"मग?"

मी बाळाचं टोपडं सारखं करत राहिले.

त्या बाईंनी माझा ईमेल पत्ता लिहून घेतला होता; अकरा दिवसांनी संग्रहालयाची ईमेल आली. कॅमेऱ्यात २:१७ला दगड कोरा दिसतो, २:१८ला त्यावर ठिपका आहे. मधल्या वेळात दोरी कोणीही ओलांडलेली नाही. आईचं मनगट माझ्या हातात आहे. ठिपका कसा आला, हे त्यांना सांगता येत नाही. तुमच्या आईची आम्ही माफी मागतो, कृपया त्यांना कळवा, असं शेवटी लिहिलं आहे.

आई तोवर पुण्याला परतली होती. ती ईमेल मी तिला अजून पाठवलेली नाही.