मानेचे झटके मोजणारे मामा

पांढरे उंदीर सगळे सारखेच, असं आम्हा पीएचडीवाल्यांना वाटायचं. मामांना मात्र प्रत्येक उंदीर वेगळा दिसायचा. "हा कान दुमडलेला, हा तिरका चालणारा," असं पुटपुटत ते पिंजऱ्यातला भुसा बदलायचे. आमच्या फार्मसी कॉलेजच्या अ‍ॅनिमल हाऊसमध्ये प्राण्यांची देखभाल त्यांच्याकडे होती. लहानपण मेंढरांमागे गेलेलं. "कळपातलं लंगडणारं मेंढरू कोणतं, ते बापाला नुसत्या आवाजावरनं कळायचं," असं ते सांगत.

मी टिक्सवर औषध शोधत होते. टिक्स म्हणजे मनात नसताना उडणारी मान, मिचकणारे डोळे, घशातून निघणारा आवाज. विषय निवडायला मला फार विचार करावा लागला नाही. माझीच मान सातव्या वर्षापासून उडते. उंदरांना एक रसायन टोचलं की त्यांचीही मान तसेच झटके देते. मग औषध द्यायचं आणि झटके कमी होतात का ते मोजत बसायचं. चार वर्षं मी तेच केलं. कंटाळा हा शब्द त्याला पुरत नाही.

मोजायला दोघं लागत, दुसरे मामाच. कुणाला औषध आणि कुणाला नुसतं सलाइन, हे आम्हा दोघांनाही माहीत नसे. मी क्लिकर दाबायचे. मामा प्रत्येक झटक्याला एक चिंचोका डाव्या खिशातून उजव्या खिशात टाकायचे. आकडे जुळले नाहीत तर व्हिडिओ बघायचो, आणि चूक बहुतेक माझीच निघायची.

प्रयोग संपून उंदीर मारावे लागत, त्या दिवशी मामा डबा उघडत नसत. विचारलं तर "आज भूक नाय," एवढंच.

शेवटच्या वर्षी एका औषधाने कमाल केली. निम्म्या पिंजऱ्यांतले झटके जवळजवळ थांबले. मी आनंदाने वेडी व्हायचीच बाकी होते. आता प्रबंध झालाच, आणि कधीतरी ही गोळी मी स्वतः घेईन, असंही मनात येऊन गेलं. मामा चिंचोके पुन्हा डाव्या खिशात भरत म्हणाले, "ताई, हा थांबला नाय. निजलाय."

"डोळे उघडे आहेत की त्याचे!"

"उघडे हायेत. पर शेपटीला हात लावला तर सरकंना. रोज मला चावाया येतोय हा."

"तुम्ही भुसा बदला मामा, निष्कर्ष मी काढते," मी म्हणाले. त्याची आजही लाज वाटते. मामा खरंच भुसा बदलायला गेले.

आठवडाभर मी त्यांच्याशी धड बोलले नाही, कारण ते खरं बोलताहेत हे मला कळलं होतं. लहानपणी मलाही असंच एक औषध होतं. मान थांबली, तिच्याबरोबर मीही थांबले. चौथीचं अख्खं वर्ष बाकावर डोकं टेकून गेलं. शेवटी उंदरांना फिरत्या दांडीवर चालवून पाहिलं. औषधवाले टपाटप खाली पडले. गुंगीच होती ती. मी तिथेच स्टुलावर बसले.

मामा चहा घेऊन आले. "आता ही गोळी कुठल्या लेकराला देणार नाय ना?"

"नाही."

"मग वाया नाय गेलं."

मला ते पटलं नाही. इतके जीव गेले, चार वर्षं गेली, आणि हाती आलं ते एक 'नाही'. पण प्रबंधात ते 'नाही' मी स्वच्छ लिहिलं.

मागच्या महिन्यात मामा निवृत्त झाले. शाल, श्रीफळ, भाषणं झाली. मी त्यांना क्रांती चौकापर्यंत सोडायला गेले. तिथून त्यांना पुंडलिकनगरची रिक्षा धरायची होती. चौकात माझी मान दोनदा जोरात उडाली आणि शेजारचा दुचाकीवाला वळून बघायला लागला. रिक्षात बसता बसता मामा म्हणाले, "ताई, एक सांगू? लई वर्षं तुमच्या बाजूला बसलो. सगळ्यांचं मोजलं. तुमचं कधी मोजलं नाय."

डॉक्टरांच्या सांगण्यावरून आई वहीत मोजायची. वर्गातली मुलं बोटांवर मोजायची. आरशासमोर उभी राहून मी स्वतः मोजायचे. रिक्षा गेली तरी मी चौकात तशीच उभी होते. मान उडत होती, लोक बघत होते. बघू देत, म्हटलं.