आधी चिठ्ठी दाखवा

माझ्या बायकोच्या मामांइतका संशयी माणूस अख्ख्या बडोद्यात शोधून सापडायचा नाही. माणसांवर मात्र भाबडा विश्वास. संशय सगळा यंत्रांवर! आम्ही दोघे एकाच कारखान्यात, मी स्टोअरमध्ये आणि मामा गेज-थर्मामीटर तपासणाऱ्या खात्यात. यंत्र तपासायचं आणि त्यावर तारखेची चिठ्ठी चिकटवायची, हा त्यांचा जन्माचा उद्योग, आणि तो घरीही सुटत नसे. खंडेराव मार्केटात जाताना खिशात स्वतःचं किलोचं वजन; सदरा एका बाजूला कललेला. एकदा भाजीवालीचा काटा तिच्याच तोट्याचा निघाला, तर भर बाजारात ओरडले, "बेन, तुम्ही बुडताय!"

मग कारखान्याच्या फाटकावर दारू पकडायचं यंत्र आलं. आधीच दारूबंदीचं राज्य, त्यात रोज सकाळी नळीत फुंकायचं. तेही फक्त कामगारांनी; साहेबांच्या गाड्या सरळ आत. मी मुकाट फुंकायचो, खोटं कशाला सांगू? एके दिवशी रमणभाई वेल्डरने फुंकलं आणि यंत्र कोकललं. "भाई, हुं तो चा पण नथी पीतो!" चहालाही न शिवणारा बिचारा रडकुंडीला आला. नोकरी तर जाणारच, वर पोलीस.

त्याच्यामागे मामांचा नंबर. त्यांनी यंत्र उलटंसुलटं करून पाहिलं. "याची चिठ्ठी कुठंय? न तपासलेल्या यंत्रावर माणसाला दारुडा ठरवता? मी फुंकणार नाही, आणि रमणभाई घरी जाणार नाही."

मॅनेजरसाहेब तावातावाने आले. "नोकरी जाईल तुमची!"

"जाऊ दे. आधी तुम्ही फुंका."

मामांच्या निवृत्तीला चार महिने उरलेले! साहेबांनी रागाच्या भरात फुंकलं, आणि यंत्र पुन्हा कोकललं. सगळी रांग खदाखदा हसली. मामा उखडले ते रांगेवरच. "हसताय काय? साहेब प्यायलेले नाहीत. यंत्राला चिठ्ठी नाही!"

रमणभाई त्याच पाळीला कामावर गेला. यंत्र तपासून, चिठ्ठी लावून परत आलं, आणि साहेबही आमच्याबरोबर रांगेत उभे राहू लागले.

परवापासून मामा इस्पितळात आहेत. आज नर्सने रक्तदाबाचं यंत्र आणलं, आणि मामांनी काहीही न विचारता दंड पुढे केला. जन्मात पहिल्यांदा मी तोंड उघडलं, "सिस्टर, हे यंत्र शेवटचं कधी तपासलंय?"

मामांनी एक डोळा उघडला. "चिठ्ठीवरची तारीख बघ," म्हणाले.